सोन्यावरची गलबते, शिशावरचे जहाज

सागरी सफरींच्या स्मरणार्थ सोन्याची नाणी पाडण्याची प्रथा अनेक देशांत आहे. भारतानेही २०२५ मध्ये एका सागरी मोहिमेचे स्मृतिनाणे काढले. कोणती सफर गौरवायची आणि तिची आठवण कोणाच्या हातात पोहोचवायची, या प्रश्नाचा विचार करताना शहापूर-मुरबाडच्या जुन्या घाटवाटांकडे वळून पाहणे उपयुक्त ठरेल.

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलने आसनगावला उतरणाऱ्या प्रवाशाला माहुलीचे सुळके दिसतात. समुद्र कोठेच दिसत नाही. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे तालुके आज ओळखले जातात ते तानसा-भातसाच्या जलाशयांमुळे, डोंगरांमुळे आणि रोज मुंबई गाठणाऱ्या चाकरमान्यांमुळे. परंतु सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हा मुलूख सागरी व्यापाराच्या हमरस्त्यावर होता. कल्याण बंदरात उतरलेला माल शहापूरच्या बाजूने थळ घाट चढून नाशिककडे आणि मुरबाडच्या बाजूने नाणेघाट चढून जुन्नर व पैठणकडे जात असे. नाणे आणि जहाज यांचे नाते महाराष्ट्राला नवे नाही, याची साक्ष या दोन वाटा देतात. हे नाते आज पुन्हा चर्चेत येण्यास ताज्या घडामोडी कारणीभूत आहेत.

२७ जुलै २०२५ रोजी तामिळनाडूतील गंगैकोंडचोळपुरम येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते चोळ सम्राट पहिला राजेंद्र याच्या सन्मानार्थ स्मृतिनाणे प्रकाशित झाले. राजेंद्राच्या आरमाराने आग्नेय आशियावर केलेल्या मोहिमेला एक हजार वर्षे पूर्ण झाल्याचे औचित्य त्यास होते. त्याआधी २१ मे २०२५ रोजी ‘कौंडिण्य’ ही शिवलेल्या फळ्यांची नौका कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाली. अजिंठ्याच्या लेण्यातील पाचव्या शतकातील जहाजाच्या चित्रावरून तिचा आराखडा बेतला आहे. गोव्यात मांडवी नदीतील दिवाडी बेटावर बांधलेली ही नौका डिसेंबर २०२५ च्या अखेरीस पोरबंदरहून निघाली आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचली. प्राचीन सागरी वारशाला राष्ट्रीय स्मृतीत मानाचे स्थान देण्याचा प्रयत्न सुरू आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे. अशा वेळी, या वारशातील नेमके काय नाण्यावर कोरायचे, हा प्रश्न केवळ नाणेसंग्राहकांपुरता उरत नाही.

नाणे म्हणजे जाहीरनामा

नाण्याला तीन अंगे असतात. ते धातू आहे, चलन आहे आणि राज्यकर्त्याचे विधानही आहे. स्मृतिनाण्यात चलनाचे अंग जवळजवळ गळून पडते, धातूचे अंग विक्रीपुरते उरते आणि विधानाचे अंग प्रबळ होते. हे विधान पुसण्याचा इतिहासही नाण्यांवरच वाचता येतो. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. ती क्षहरात क्षत्रप नहपानाची नाणी होती. मात्र त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता. पराभूत राजाची नाणी वितळवण्याऐवजी त्याच्या चेहऱ्यावर स्वत:चे चिन्ह उमटवणे, हे त्या काळचे सर्वांत प्रभावी निवेदन होते.

सागरी सफरीचे असे निवेदन सोन्यावर उमटले ते पोर्तुगालमध्ये. वास्को द गामा २० मे १४९८ रोजी कालिकतच्या किनाऱ्याशी पोहोचला. तो परतल्यावर राजा मॅन्युएल याने ‘पोर्तुगेझ’ नावाचे मोठे सुवर्णनाणे पाडले. त्यावर राजाच्या बिरुदावलीत इथियोपिया, अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थान येथील विजय, नौकानयन व व्यापार यांचा स्वामी असा दावा कोरला होता. यांपैकी कोणताही देश तेव्हा त्याच्या ताब्यात नव्हता. एका सफरीच्या बळावर अख्ख्या समुद्रावर हक्क सांगणारे हे नाणे होते. पुढे १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा जिंकला आणि त्याच वर्षी तेथे टांकसाळ सुरू केली. नाण्यावर आधी केलेला दावा असा तलवारीच्या जोरावर खरा करण्यात आला.

कालिकतच्या दरबारातील एक प्रसंग या संदर्भात बोलका आहे. गामाच्या ताफ्यातील एका खलाशाने लिहिलेल्या रोजनिशीनुसार, सामुद्री राजासाठी आणलेल्या भेटींत पट्टेरी कापड, टोप्या, पोवळ्याच्या माळा, हात धुण्याची भांडी, साखर, तेल आणि मध होते. ते पाहून राजाच्या अधिकाऱ्यांना हसू आवरले नाही. मक्केहून येणारा सर्वांत गरीब व्यापारीही याहून अधिक देतो, नजराणा द्यायचा तर सोने द्या, असे त्यांनी सुनावले. ज्या सफरीकडे देण्यासाठी सोने नव्हते, तिचीच स्मृती पुढे सोन्यात जपली गेली. शिवाय ही वाट ‘शोधली’ असे म्हणणेही कितपत योग्य? आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मालिंदी येथून कालिकतपर्यंत गामाच्या जहाजांना वाट दाखवणारा वाटाड्या हिंदी महासागराचा जाणकार होता. कालिकतला उतरलेल्या पहिल्या पोर्तुगीजाची गाठ पडली ती युरोपीय भाषा बोलणाऱ्या, ट्यूनिसच्या दोन व्यापाऱ्यांशी. अरब, गुजराती आणि मलबारी नाविकांसाठी तो समुद्र म्हणजे नित्याची बाजारपेठ होती.

१९९८ चा धडा

सुमारे पाचशे वर्षांनी पोर्तुगालने हाच विषय पुन्हा नाण्यांवर आणला. १९८७ पासून ‘शोधयुगा’च्या गौरवार्थ एक प्रदीर्घ नाणेमालिका काढण्यात आली. जिल एआनेश, नुनो त्रिश्तांव, दियोगो कांव आणि बार्तोलोमेव दियश या दर्यावर्दींपासून तिचा आरंभ झाला. सर्वसामान्यांसाठी तांबे-निकेलची, तर संग्राहकांसाठी चांदी, सोने, प्लॅटिनम आणि पॅलेडियमची नाणी असा तिचा विस्तार होता. १९९८ मध्ये गामाच्या सफरीवरील नाणी निघाली. त्याच वर्षी मे महिन्यात लिस्बनमध्ये महासागर हा विषय घेऊन जागतिक प्रदर्शन भरले.

भारताच्या किनाऱ्यावर या पंचशताब्दीचे पडसाद अगदी वेगळे उमटले. गोव्यात आणि केरळात तीव्र निषेध झाला. १५०२ च्या दुसऱ्या सफरीत गामाने हजहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज माणसांसह जाळले होते, याची आठवण करून देण्यात आली. गोव्यात १५६० पासून मध्यंतरीचा अल्पकाळ वगळता १८१२ पर्यंत चाललेले इन्क्विझिशन आणि १९६१ पर्यंतची पारतंत्र्याची साडेचार शतके लोकांच्या विस्मृतीत गेलेली नव्हती. ज्याच्या आगमनाने पारतंत्र्याची दारे उघडली त्याच्या आगमनाचा उत्सव आपण का करावा, हा त्यांचा सवाल होता आणि तो रास्त होता. दुसरीकडे, गोव्यातील एक मोठे शहर आजही त्याच दर्यावर्दीचे नाव बाळगून आहे, ही विसंगतीही नोंदवली पाहिजे.

तथापि या वादाला केवळ राष्ट्राभिमानाचा वाद समजणे अपुरे ठरेल. पोर्तुगीज नाण्यांवर जहाज होते, क्रूस होता, कप्तान होता. वाटाड्या नव्हता आणि किनाऱ्यावरचा माणूसही नव्हता. सफर ही दोन किनाऱ्यांमधील घटना असते. नाण्यावर मात्र एकच किनारा आला.

अमेरिकेतील सोने आणि पितळ

हाच प्रकार अमेरिकेतही घडला. लुई आणि क्लार्क यांनी १८०४ ते १८०६ या काळात प्रशांत महासागरापर्यंत केलेल्या प्रवासाच्या शताब्दीनिमित्त १९०४ आणि १९०५ या सालांची एक डॉलरची सुवर्णनाणी काढण्यात आली. एका बाजूला लुई, दुसऱ्या बाजूला क्लार्क. अडीच लाख नाणी पाडण्याची मुभा होती. प्रत्यक्षात दोन्ही वर्षांची मिळून वीस हजारांच्या आसपासच खपली. त्या मोहिमेबरोबर तान्हे मूल पाठीशी बांधून दुभाषी म्हणून गेलेल्या शोशोनी जमातीच्या साकागविया या तरुणीला नाण्यावर जागा मिळाली ती २००० मध्ये. ते एक डॉलरचे चलनी नाणे दिसायला सोनेरी होते. त्याचे बाह्य आवरण मात्र मँगनीज-पितळेचे होते. कप्तानांच्या वाट्याला सोने आले आणि वाट दाखवणारीच्या वाट्याला पितळ. तरीही ते पितळी नाणे सामान्य माणसाच्या खिशात जाण्यासाठी पाडले गेले होते, हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

कोलंबसच्या पंचशताब्दीचे, १९९२ चे पाच डॉलरचे सुवर्णनाणे हे या व्यवहाराची आर्थिक बाजू समजून घेण्यास उत्तम उदाहरण आहे. ८.३५९ ग्रॅम वजनाच्या त्या नाण्यात ९० टक्के, म्हणजे सुमारे साडेसात ग्रॅम शुद्ध सोने होते. त्यावरील पाच डॉलर हे मूल्य निव्वळ नाममात्र. प्रत्येक नाण्यामागे अधिभार आकारून तो निधी कोलंबसच्या नावाने स्थापन झालेल्या शिष्यवृत्ती प्रतिष्ठानाकडे वळवण्यात आला. पाच लाखांपर्यंत नाणी पाडण्यास कायद्याने परवानगी दिली होती. साधी आणि खास चकाकीची मिळून विक्री झाली सुमारे एक लाख चार हजारांची. ब्रिटनच्या रॉयल मिंटनेही २०१८ ते २०२० या तीन वर्षांत कॅप्टन कुकच्या ‘एन्डेव्हर’ सफरीवर दोन पौंडांची मालिका काढली आणि तिच्या सोन्याच्या आवृत्त्या विकल्या. मात्र ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील मूळ रहिवाशांच्या वंशजांसाठी कुकचे आगमन हा सणाचा विषय कधीच नव्हता.

या उदाहरणांतून एक समान सूत्र हाती लागते. सुवर्णनाणे काढणारे सरकार आपल्या सोयीचा इतिहास निवडते, त्याला मर्यादित संख्येची झळाळी देते आणि विकत घेणाऱ्यालाच त्या स्मृतीचा मालक करते. ज्यांच्या किनाऱ्यावर जहाज लागले त्यांचे म्हणणे त्यात येत नाही आणि स्वदेशातील सामान्य नागरिकालाही ते नाणे क्वचितच पाहायला मिळते.

भारताने निवडलेल्या सफरी

या पार्श्वभूमीवर भारताची आजवरची निवड लक्षणीय आहे. २०१४ मध्ये भारत सरकारने ‘कोमागाता मारू’ घटनेच्या शताब्दीनिमित्त शंभर आणि पाच रुपयांची नाणी काढली. १९१४ च्या मे महिन्यात ३७६ प्रवाशांना घेऊन हे जहाज कॅनडातील व्हँकुव्हरला पोहोचले. प्रवासी बहुतांशी पंजाबी शीख होते. ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन असूनही मोजक्यांचा अपवाद वगळता त्यांना उतरू देण्यात आले नाही. दोन महिने ताटकळून जहाज परत फिरले आणि सप्टेंबरअखेर कोलकात्याजवळ बजबज येथे झालेल्या गोळीबारात त्यांपैकी अनेक जण मृत्युमुखी पडले. जी सफर किनाऱ्यावरून हाकलून देण्यात आली तिची स्मृती भारताने नाण्यावर आणली. जगातील सागरी सफरींच्या स्मृतिनाण्यांमध्ये ही बाब विरळाच म्हणावी लागेल.

दुसरे उदाहरण २०१५ चे. महात्मा गांधी ९ जानेवारी १९१५ रोजी दक्षिण आफ्रिकेतील दीर्घ वास्तव्यानंतर मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरले. त्या परतीच्या प्रवासाच्या शताब्दीची शंभर आणि दहा रुपयांची नाणी निघाली. या दोन्ही सफरींत कोणी कोणाचा मुलूख घेतला नाही. आणखी एक गोष्ट महत्त्वाची: दोन्ही वेळा संग्राहकांसाठीच्या मोठ्या मूल्याच्या नाण्याबरोबर बाजारात चालेल असे लहान मूल्याचे नाणेही काढण्यात आले.

राजेंद्र चोळाचे नाणे या मालिकेत वेगळे उठून दिसते. १०२५ च्या सुमारास त्याच्या आरमाराने बंगालचा उपसागर ओलांडून श्रीविजय साम्राज्यावर चढाई केली आणि कडारम म्हणजे आजच्या मलेशियातील केदाह जिंकले. तंजावरच्या शिलालेखात जिंकलेल्या स्थळांची नामावळीच कोरलेली आहे. इतक्या प्राचीन काळी एवढ्या दूरवर आरमार नेणे हे असामान्य कर्तृत्व होते आणि त्याचा अभिमान वाटण्यात गैर काहीच नाही. भारतीय लोक समुद्रपर्यटनास भीत, या वसाहतकालीन समजाला त्याने परस्पर उत्तर मिळते. चोळांनी तेथे कायमची वसाहत स्थापून शतकानुशतके लूट केली नाही, हेही खरे. पोर्तुगीजांशी त्यांची सरसकट तुलना अन्यायाची होईल.

तरीसुद्धा एक प्रश्न उरतोच. १९९८ मध्ये गोव्याने आणि केरळाने लिस्बनला जो प्रश्न विचारला, तो उद्या पलीकडच्या किनाऱ्यावरून आपल्याला विचारला गेला तर? श्रीविजयाची राजधानी आजच्या इंडोनेशियात होती आणि केदाह मलेशियात आहे. या दोन्ही देशांशी भारताचे नाते व्यापाराचे, धर्माचे, भाषेचे आणि कलेचे आहे. मोहिमेच्या कितीतरी आधीपासूनचे आणि नंतरचेही. नाण्यावर त्या नात्याची दीर्घ परंपरा यावी की एका वर्षातील चढाई यावी, याची निवड करताना १९९८ चा अनुभव विसरता कामा नये. इतरांच्या सोन्यावरील एकांगी इतिहासाला आक्षेप घेणाऱ्याने आपल्या धातूवरील इतिहास पारखून घेणे क्रमप्राप्त आहे.

कल्याणची वाट

महाराष्ट्राकडे या बाबतीत सांगण्याजोगे पुष्कळ आहे आणि ते शहापूर-मुरबाडच्या परिसराशी निगडित आहे. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचा ‘कॅल्लिएना’ असा उल्लेख येतो. एके काळी ते कायदेशीर व्यापारपेठ होते. पुढे सत्तासंघर्षात त्याची कोंडी झाली आणि तेथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे नेली जात, असे त्यात म्हटले आहे. रोमन लेखक प्लिनी याने हिंदुस्थानशी होणाऱ्या व्यापारापायी साम्राज्याचे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स खर्ची पडतात, अशी तक्रार नोंदवली. म्हणजे तेव्हा धनाचा ओघ पश्चिमेकडून पूर्वेकडे होता.

त्यातील जो वाटा कल्याणला उतरला तो घाटवाटांनी वर चढला. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाकडून नाणेघाटाची चढण सुरू होते. माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. यज्ञप्रसंगी दान केलेल्या गाई, हत्ती, घोडे आणि हजारो कार्षापणांची मोजदाद त्यात आकड्यांनिशी दिली आहे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, अशी लोकसमजूत असून घाटाचे नावही तीवरूनच पडले असे सांगितले जाते. दुसऱ्या वाटेच्या टोकाला, नाशिकच्या लेण्यांत, नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण, असा विनिमयाचा दर त्यांतील एका लेखात कोरलेला आहे. दमण आणि डहाणूच्या नद्यांसह अनेक नद्यांवर लोकांना फुकट पार नेणाऱ्या नावांची सोय केल्याचेही उषवदाताने नोंदवले आहे. सत्ताधीशाने आपली कीर्ती कोरताना उतारूंना पैलतीरी नेणाऱ्या होड्यांचा उल्लेख करावा, ही बाब आजच्या गौरवनाण्यांच्या तुलनेत विचार करायला लावणारी आहे.

सातवाहनांनी जहाजालाही नाण्यावर स्थान दिले. दोन डोलकाठ्यांचे जहाज असलेली त्यांची नाणी पूर्व किनाऱ्यावर आढळतात. ही नाणी सोन्याची नाहीत; ती प्रामुख्याने शिशाची आहेत. शिसे हा त्या काळी दैनंदिन बाजाराचा, किरकोळ देवघेवीचा धातू होता. ज्या जहाजांच्या जोरावर राज्याची भरभराट झाली, त्यांचे चित्र राजाने भाजी-धान्य घेणाऱ्याच्या मुठीत ठेवले.

पुढे सतराव्या शतकात समुद्राशी हे नाते पुन्हा कल्याणातच जुळले. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि या खाड्यांच्या परिसरात जहाजबांधणीस हात घातला. १६५९ मध्ये रुय लैतांव व्हिएगस या पोर्तुगीज जहाजबांधणी तज्ज्ञाच्या हाताखाली माणसे कामाला होती. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना याची भीती वाटली आणि त्यांच्या दबावामुळे ती माणसे काम सोडून निघून गेली. तरीही आरमार उभे राहिले. १६७४ च्या राज्याभिषेकानंतरचा शिवरायांचा सोन्याचा होन पाहिला तर त्यावर ना जहाज आहे ना जिंकलेल्या मुलखांची यादी. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ एवढीच अक्षरे आहेत. मॅन्युएलच्या अघळपघळ बिरुदावलीशी त्याची तुलना करावी, म्हणजे दोन राज्यदृष्टींतील अंतर कळून येईल.

सोने कोणासाठी?

आता व्यवहाराकडे वळू. मुंबईच्या टांकसाळीला सुवर्णनाण्यांचा अनुभव आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये, येथे पंधरा रुपयांची मोहोर आणि त्यापाठोपाठ ब्रिटिश सॉव्हरिन पाडण्यात आले. सॉव्हरिनची संख्या १२,९५,३७२ होती. स्वातंत्र्योत्तर काळातील स्मृतिनाणी मात्र प्रामुख्याने चांदीमिश्र वा साध्या धातूंची राहिली. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये अशोकचक्र आणि गांधीजींची प्रतिमा असलेले ‘इंडियन गोल्ड कॉइन’ बाजारात आले. त्याला दर्शनी मूल्य नाही आणि ते वजनावर विकले जाते. २०११ च्या नाणे कायद्यानुसार कोणतेही नाणे एक हजार रुपयांहून अधिक मूल्याचे असू शकत नाही.

दसऱ्याला किंवा अक्षय तृतीयेला सोन्याचे नाणे घेणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाने एक बाब नीट ध्यानात ठेवावी. स्मृतिनाण्याची किंमत म्हणजे सोन्याचा भाव, घडणावळ, कर आणि दुर्मीळतेचे अधिमूल्य यांची बेरीज असते. मोडायला गेल्यावर सराफ वजन आणि कस पाहून पैसे देतो. अधिमूल्य तेव्हाच वसूल होते जेव्हा त्याच नाण्याचा शोध घेणारा दुसरा संग्राहक भेटतो. कोलंबसच्या सुवर्णनाण्यांना परवानगीच्या पाचव्या हिश्शाएवढाच उठाव मिळाला, हे उदाहरण समोर आहेच. गुंतवणूक म्हणून सोने घेणाऱ्याने स्मृतीचे जादा पैसे मोजू नयेत आणि स्मृती म्हणून घेणाऱ्याने नफ्याची आशा धरू नये.

सरकारच्या दृष्टीने प्रश्न वेगळा आहे. गेल्या काही वर्षांत अनेक स्मृतिनाणी केवळ संग्राहकांसाठी, दर्शनी मूल्याहून कितीतरी अधिक किमतीला विकली गेली. त्यातून टांकसाळीला उत्पन्न मिळते आणि समारंभही साजरा होतो. परंतु स्मृती जागवणे हा हेतू असेल तर तो साधत नाही. १९९९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांची प्रतिमा असलेले दोन रुपयांचे नाणे निघाले होते. ते तांबे-निकेलचे होते आणि अनेकांच्या हातून फिरले. मखमली डबीतील कोणत्याही नाण्याला अशी मजल मारता येणार नाही.

गौरवण्याजोग्या सफरींची वाण नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. नौदल अधिकारी दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून मुंबई ते मुंबई अशी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय ठरले. सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’तून तोच पराक्रम केला. या सफरींत कोणाच्या किनाऱ्यावर झेंडा रोवला गेला नाही. ‘म्हादेई’, ‘तारिणी’ आणि ‘कौंडिण्य’ या तिन्ही नौका गोव्यात बांधल्या गेल्या आणि त्यांच्यामागे स्थानिक कारागिरांचे हात आहेत. नाण्याच्या एका बाजूला दर्यावर्दी आणि दुसऱ्या बाजूला फळी जोडणारा कारागीर आला, तर एकांगीपणाचा दोषही टळेल.

धातूच्या निवडीबाबत सातवाहनांचा कित्ता गिरवणे श्रेयस्कर. अशी नाणी दहा किंवा वीस रुपयांच्या मूल्याची असावीत, ती भरपूर संख्येने पाडावीत आणि बँकांमार्फत बाजारात सोडावीत. संग्राहकांसाठी हवी तर सोन्या-चांदीची वेगळी आवृत्ती काढावी. मात्र तिला चलनी नाण्याची जोड असावीच, जशी २०१४ आणि २०१५ मध्ये होती. तसे झाल्यास कल्याणचे बंदर आणि त्याच्या घाटवाटा कोणे एके काळी जगाशी कशा जोडल्या होत्या, हे शहापूरच्या भाजीबाजारात सुटे पैसे मोजणाऱ्या विद्यार्थ्यालाही हातातील नाण्यावरून विचारावेसे वाटेल. मॅन्युएलचे सुवर्णनाणे आज मोजक्या संग्रहालयांत आणि लिलावांत उरले आहे. सातवाहनांचे शिशाचे जहाज झिजलेले आहे, कारण ते वापरले गेले.